पोथीतला रावण कसा बदलला, हे कसं बघायचं

अख्खं रामायण घेऊन बसू नका, एकच प्रसंग धरा. आणि राक्षस दिसतो कसा याच्या आधी त्याच्याकडं बघायलंय कोण ते लिहून काढा. वाल्मीकींच्या सुंदरकांडात हनुमान झोपलेल्या रावणाला बघतो तिथं त्याला दोनच हात, एकच तोंड, अंगाला तांबडं चंदन, कानात कुंडलं, आणि पुढं दरबारात तोच दहा तोंडांचा दिसतो. मराठी भाषांतर चालतं, सर्ग १० आणि ४९ शेजारी ठेवून वाचा, लई फरक कळतो.

मग पैठणच्या नाथांचं भावार्थ रामायण घ्या, आपल्याकडं मंदिरात वाचतात तेच. नवीन काय आलंय तिथं पेन्सिलनं खूण करा. स्वयंवरात रावण धनुष्य उचलायला जातो अन् त्याच्याखालीच दबतो, हे वाल्मीकींकडं नाहीच. मग विचारा, भर का घातली? मला वाटतं ऐकायला बसलेल्या लोकांसमोर अहंकार आपटताना दाखवायचा होता, म्हणून रावण तिथं भीतीपेक्षा हशाचा विषय होतो.

एक काळजी घ्या, नाथांच्या हातून युद्धकांड पूर्ण झालं नाही, पुढचं शिष्य गावबांनी केलं, तर शेवटचा रावण नाथांच्या नावावर टाकू नका. आणि मूळ ग्रंथात तो निव्वळ दुष्ट असं सरसकट तर लिहूच नका, वाल्मीकींचा रामच विभीषणाला म्हणतो, वैर मरणापर्यंत, आता याचे अंत्यसंस्कार कर, हा जसा तुझा तसा माझाही. हा प्रसंग दोन्हीकडं कसा आलाय तेवढं नक्की तपासा.