उंच भात बुटके करण्यासाठी: गॅमा किरणांपासून जनुकक्रमापर्यंत

मुरबाड-शहापूरकडची जुनी, उंच, गरवी भाते परतीच्या पावसात हमखास लोळतात. चव तीच ठेवून केवळ उंची कमी करायची असेल, तर संकरापेक्षा उत्परिवर्तन (किरणांसारख्या उपायांनी जनुकांत घडवलेला बदल) मला अधिक योग्य वाटते, कारण त्यात मूळ वाणाचे बाकीचे गुण बहुतांशी टिकतात. अमेरिकेत १९७६ मध्ये प्रसारित झालेले ‘कॅलरोझ ७६’ हे बुटके भात गॅमा किरणांतूनच मिळाले होते.

शुद्ध वाणाचे, १२ ते १४ टक्के ओलाव्याचे बियाणे घ्यावे आणि काही भाग किरण न देता जपून ठेवावा. पुढची सारी तुलना त्याच्याशीच होते. किरण देण्याची सोय ठाणे खाडीपलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आहे. आधी थोड्या बियाण्याला १०० ते ४०० ग्रे (शोषलेल्या किरणांचे एकक) अशा चढत्या मात्रा देऊन, रोपांची वाढ कोणत्या मात्रेला निम्म्यावर येते ते पाहावे आणि मुख्य बियाण्याची मात्रा त्यावरून ठरवावी. असे बी किरणोत्सारी होत नाही, हे खाचराच्या मालकाला आधीच समजावून सांगावे.

पहिल्या पिढीत निवड करूच नये. बियातील गर्भ अनेक पेशींचा असल्याने बदल रोपाच्या एखाद्याच फुटव्यात उतरतो, आणि अप्रभावी गुण (जनुकाच्या दोन्ही प्रती बदलल्यावरच दिसणारा) तर या पिढीत दिसतच नाही. म्हणून लोंब्यांना पिशव्या बांधून प्रत्येक रोपाची मुख्य लोंबी वेगळी काढावी आणि पुढच्या खरिपात एका लोंबीची एक ओळ लावावी. ज्या ओळीत सुमारे चौथा हिस्सा रोपे बुटकी आहेत, तिथे थांबून बारकाईने पाहावे. मात्र बांधाकडेच्या निकस मातीतही भात खुजे राहते, त्यामुळे तिसऱ्या पिढीत गुण टिकल्याशिवाय जनुकक्रमावर, म्हणजे डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्यावर, पैसा खर्च करू नये.

त्यानंतर बुटक्या रोपाचा मूळ वाणाशी संकर करून दुसऱ्या पिढीतील सुमारे २० बुटक्या रोपांचा डीएनए समप्रमाणात मिसळावा आणि त्याचा क्रम मूळ वाणाच्या क्रमाशी ताडावा. कारणीभूत बदल त्या जागेच्या जवळजवळ प्रत्येक वाचनात (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या तुकड्यात) आढळतो, दूरचे असंबद्ध बदल साधारण निम्म्यांतच. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलेली ‘म्युटमॅप’ पद्धत हीच. गॅमा किरणांनी डीएनएचे तुकडे गळतात, म्हणून केवळ एकाक्षरी बदलांवर विसंबू नये. पहिल्या गुणसूत्रावरील, उंचीशी निगडित ‘एसडी-१’ जनुक आधी तपासावे. कॅलरोझ ७६ मधला बदलही त्यातच आहे. बदल निश्चित झाला की त्याच जागेची पीसीआर चाचणी (डीएनएचा ठरावीक तुकडा अनेकपट वाढवून तपासणारी) बसवावी, म्हणजे पुढील संकरांत हवी ती रोपे लावणीपूर्वी रोपवाटिकेतच निवडता येतात.