कमी दिवसांच्या बाळाची मालिश: मी केल्या त्या चुका तुम्ही टाळा

माझी लेक 32व्या आठवड्यात झाली, दीड किलोची, रत्नागिरीला पेटीत होती, आणि गुहागरला घरी आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तेल लावणारी काकू भर पावसात दारात हजर, "हाडं मोकळी करते गो पोरीची" म्हणत. पूर्ण दिवसांच्या बाळाला लावतात तसं रगडणं, सांधे ताणणं या बाळांना चालत नाही, कातडी पातळ असते. डॉक्टर हो म्हणेपर्यंत तर सुरूच करायचं नाही.

मग मी भलतीच घाबरले. बोटांची टोकं नुसती फिरवायचे, तर ती आणखीच आक्रसायची, गुदगुल्या होतात ना! अख्खा तळहात टेकवून हलकासा पण ठाम दाब द्यायचा. घाण्यावरचं खोबरेल चांगलं, पण नाकात-कानात थेंबसुद्धा नको. आणि ओवा-वावडिंगाची धुरी अजिबात नको, आधीच फुफ्फुसं कच्ची. दूध पाजल्या पाजल्या लावू नका, उलटी होते. मध्येच उचकी लागली, बोटं ताठ फाकली की थांबायचं, आणि ओठ निळे दिसले तर सरळ दवाखाना गाठायचा.

सगळ्यात मोठी चूक मात्र वजनकाट्याची. मायामीच्या संशोधक टिफनी फील्ड यांच्या 1986 च्या, कमी दिवसांच्या बाळांवरच्या अभ्यासात दिवसाला 3 वेळा, 15-15 मिनिटं, 10 दिवस मालिश केलेल्या बाळांचं वजन बाकीच्यांपेक्षा रोज 47 टक्के जास्त वाढलं, हे मी मोबाईलवर वाचलं आणि रोज काटा मांडून बसले. ती बाळं हॉस्पिटलात, शिकलेल्या हातांखाली होती हे कोण लक्षात घेतो! 20 ग्रॅम कमी भरलं की दिवसभर रडायचे, शेजारणीच्या पोराशी तुलना करायचे (आपल्या बाळाचं वय बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचं असतं, हे नंतर कळलं), आणि मग त्याच ताठ हातांनी मालिश.

शेवटी वैतागून सगळं काकूवर सोडलं, मी नुसती बघत बसायचे. तेही चुकलंच. फील्ड यांच्या टीमने 2006 मध्ये उदास असलेल्या अशाच आयांना तपासलं, त्यात स्वतः मालिश करणाऱ्यांची चिंता कमी झाली, नुसत्या बघणाऱ्यांची नाही. म्हणून काकूला म्हटलं, तुम्ही फक्त शेजारी बसा.

तुमचं स्वतःचं रडू दोन आठवडे थांबतच नसेल, झोप उडाली असेल तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात.

काटा सासूबाईंनी माळ्यावर टाकलाय. आता महिन्यातून एकदा दवाखान्यातच वजन.