एलिमिनेशनमध्ये मार्क घालवणाऱ्या चुका

एलिमिनेशन (रेणूतून हायड्रोजन आणि दुसरा एक ग्रुप निघून डबल बाँडवालं अल्कीन बनणं) दिसलं की पोरं सेटझेफचा नियम लावून मोकळी होतात: डबल बाँडच्या कार्बनना जास्त कार्बन जोडलेलं, म्हणजे जास्त सब्स्टिट्यूटेड, अल्कीन मुख्य. 2-ब्रोमोपेंटेनपासून 81 टक्के पेंट-2-ईन आणि 19 टक्के पेंट-1-ईन हे पाठच असतं, मग बेस कुठला दिलाय ते कोण बघतंय, जास्त सब्स्टिट्यूटेड अल्कीन लिहिलं की पुढचा प्रश्न. पोटॅशियम टर्ट-ब्युटॉक्साइड दिला असेल तर जरा थांबा. एवढा अवजड बेस आतल्या हायड्रोजनपर्यंत नीट पोचत नाही, कडेच्या मिथाइलवरचा उचलतो, आणि मग हॉफमन प्रॉडक्ट, म्हणजे कमी सब्स्टिट्यूटेड अल्कीन, जास्त निघतं.

पण खरी गोची रिंगमध्ये. ई2 (एकाच स्टेपमधलं एलिमिनेशन) साठी हायड्रोजन आणि लीव्हिंग ग्रुप (निघून जाणारा ग्रुप) एकमेकांच्या अँटी, म्हणजे विरुद्ध दिशांना, पाहिजेत, सायक्लोहेक्झेनमध्ये म्हणजे दोघंही रिंगला उभे, अ‍ॅक्सियल, आणि सपाट षटकोन काढून हे कधीच दिसत नाही. मेंथाइल क्लोराइड घ्या. त्याच्या नेहमीच्या चेअरमध्ये (रिंगचा खुर्चीसारखा आकार) क्लोरिन इक्वेटोरियल, म्हणजे कडेला आडवा, असतो, म्हणून आधी रिंग फ्लिप होऊन उभे-आडवे ग्रुप बदलावे लागतात, तसं झालं की क्लोरिन, आयसोप्रोपिल, मिथाइल तिघंही अ‍ॅक्सियल, आता आयसोप्रोपिलच्या कार्बनवरचा हायड्रोजन गेला इक्वेटोरियलला, त्याचा उपयोग शून्य. राहिली दुसरी बाजू, म्हणून सोडियम इथॉक्साइडबरोबर फक्त 2-मेंथीन मिळतं, सेटझेफ म्हणतो त्याच्या बरोब्बर उलट. निओमेंथाइल क्लोराइडमध्ये क्लोरिन आधीच अ‍ॅक्सियल आणि दोन्हीकडे अँटी हायड्रोजन हजर, तिथे सेटझेफवालं 3-मेंथीन साधारण 78 टक्के येतं आणि रिअ‍ॅक्शन जवळपास 200 पट फास्ट होते. फरक फक्त एका कार्बनवरच्या क्लोरिनच्या दिशेचा! तेव्हा चेअर काढायचा कंटाळा करू नका.

मेकॅनिझमचे (इलेक्ट्रॉन कसे हलतात ते दाखवणारे) बाण काढताना हायड्रोजनपासून सुरुवात करायची सवय सोडा, बाण इलेक्ट्रॉन कुठून निघाले ते दाखवतो, म्हणजे बेसच्या लोन पेअरपासून किंवा बाँडपासून. ई2 मध्ये तिन्ही बाण एकाच स्टेपमध्ये, मध्ये कार्बोकॅटायन (पॉझिटिव्ह चार्जचा कार्बन) काढलात की ते ई1, म्हणजे दोन स्टेपचं एलिमिनेशन, झालं. आणि ई1 असेल तर शिफ्ट (शेजारच्या कार्बनवरचा ग्रुप कॅटायनकडे सरकणं) चेक करा: 3,3-डायमिथाइलब्युटान-2-ऑलला अ‍ॅसिड दिलं की मिथाइल सरकतं आणि मुख्य प्रॉडक्ट 2,3-डायमिथाइलब्युट-2-ईन येतं. उत्साहाच्या भरात ई2 मध्येही शिफ्ट करणारे आहेतच, तिथे कॅटायनच नाही तर सरकणार कुठे?

टर्शरी हॅलाइड (हॅलोजनच्या कार्बनला आणखी तीन कार्बन जोडलेले) आणि सोडियम इथॉक्साइड घेऊन ईथर लिहिणं हाही जुना आजार, तिथे अल्कीनच मिळतं. इथेनॉल आणि कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक अ‍ॅसिडला मात्र 443 केल्विनला इथीन, 413 ला ईथर, त्यामुळे रिअ‍ॅक्शनच्या बाणावरचं टेंपरेचर वाचूनच पेन उचला.