गोल्फ खेळायला आलात? मग या चुका टाळा

मराठवाड्यात गोल्फचं नाव काढलं की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "प्यायला पाणी नाही, गवताला कुठून आणणार?" प्रश्न रास्त आहे. त्यावर पुढे बोलतोच. पण पोरं येतात, हेही खरं. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला आपली गोल्फपटू अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. तेव्हापासून निदान हा खेळ आपल्याकडची माणसंही खेळतात एवढं तरी पोरांना कळलं. अडचण अशी की आमच्याकडे शिकायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण क्रिकेट खेळून आलेला असतो. त्याला पहिल्याच दिवशी ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब (गोल्फची काठी) हवा असतो आणि सिक्सर मारायचा असतो. कसा मारायचा हे त्याने मोबाइलवर बघितलेलं असतं. कुठे उभं राहायचं हे मात्र कोणी बघितलेलं नसतं.

मागे न बघता क्लब फिरवणं

ही चूक पहिली, आणि मला सगळ्यात जास्त चीड आणणारीही हीच.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन चुलतभाऊ यायचे. थोरला दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, धाकटा सातवीतला. मे महिन्यात आमची काळी जमीन दगडासारखी होते, लाकडी टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, आत जाता जात नाही. धाकटा टी रोवायला खाली वाकला, ती मोडली, म्हणून तो दुसरी घ्यायला भावाच्या मागे ठेवलेल्या पिशवीकडे सरकला. थोरल्याला दम कुठला? सात नंबरचं आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) घेऊन त्याने रिकामा स्विंग घेतला. क्लब मागे गेला आणि त्याच क्षणी धाकटा पिशवीवरून उठत होता. आवाज फार मोठा आला नाही. पोरगं भुवई धरून खाली बसलं आणि बोटांच्या फटीतून रक्त यायला लागलं. टॉवेल दाबून धरला, मोटारसायकलवर मधे बसवून दवाखाना गाठला, टाके पडले. अर्धा इंच खाली लागलं असतं तर डोळाच होता. थोरला रडत एकच वाक्य म्हणत होता, "मी तर निस्तं फिरवून बघायलो होतो, सर."

त्या 'निस्तं फिरवून'मध्येच सगळा घोटाळा आहे. चेंडू समोर असला की आजूबाजूचे सावध असतात. रिकाम्या स्विंगकडे कोणाचं लक्ष नसतं, पण लोखंडाचा वेग तेवढाच असतो.

यावर माझा उपाय कुठल्या पुस्तकातला नाही. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने एक रेघ मारतो. मारणारा रेघेपुढे, बाकी सगळे मागे, आणि मागच्यांचे क्लब पिशवीत. हातात नाही, खांद्यावर नाही, पिशवीत. मारणाऱ्याने मान वळवून मागे बघायचं आणि मोठ्याने विचारायचं, "मोकळं?" मागून कोणीतरी "मोकळं" म्हटल्याशिवाय क्लब हलवायचा नाही, रिकामासुद्धा. नवीन पोरांना हे शाळेतल्या कवायतीसारखं वाटतं, ती तोंड वाकडी करतात. करू देत. आणि मारलेले चेंडू गोळा करायला एकेकट्याने धावायचं नाही. सगळ्यांचे मारून झाले, क्लब खाली ठेवले, मग सगळ्यांनी मिळून जायचं. चेंडूमागे धावणं क्रिकेटमध्ये कौतुकाचं असेल, इथे तुम्ही दुसऱ्याच्या फटक्यासमोर धावत असता.

ओरडायची लाज

चेंडू भलतीकडे निघाला की "फोर!" असं ओरडायचं, हा या खेळातला जगभरचा रिवाज. आमची पोरं एरवी गल्ली डोक्यावर घेतात आणि इथे मात्र तोंड शिवून उभी राहतात. फटका चुकला हे चारचौघांत जाहीर होईल ना!

शिकाऊ माणसाचा चेंडू बहुतेक वेळा उजवीकडे वळतो, डावखुऱ्याचा डावीकडे. आमच्या सरावाच्या माळाच्या उजव्या अंगाला बांध आहे आणि पलीकडे दुसऱ्याचं रान. एकदा एका बारावीच्या पोराचा चेंडू असाच बांधापलीकडे गेला. तिथे एक आजोबा शेळ्या चारत होते, हे त्याला दिसत होतं. गडी गप्प. चेंडू शेळ्यांच्या मधोमध पडला, शेळ्या उधळल्या. आजोबा सावकाश बांध ओलांडून आले, मूठ उघडली आणि म्हणाले, "हे अंडं कोणत्या कोंबडीचं?" सगळे हसले. ज्याने मारला तो मात्र म्हणाला, "लागलं तर नाही ना?" त्या दिवशीचा सराव मी तिथेच बंद केला. लागलं नाही हे नशीब होतं, माफी वेगळी मागावी लागते. तो गेला, पाया पडला, पांगलेल्या शेळ्या गोळा करून दिल्या. मग आजोबांनीच त्याला चेंडू परत दिला आणि बजावलं, "एखादा कडब्यात राहिला अन् म्हशीच्या पोटात गेला तर काय करशील?" हे माझ्याही पोरांना सुचलं नव्हतं. आता जाताना चेंडू मोजल्याशिवाय कोणी घरी जात नाही.

शेतात वाकून काम करणाऱ्या बाईला "फोर" कळत नाही, म्हणून आमच्याकडे त्याला जोडून "ओ मावशी, सांभाळा!" असंही ओरडायचं. हाक ऐकू आली तर वर बघायचं नाही. पाठ वळवायची, दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, खाली बसायचं. क्रिकेटवाले नेमके उलटं करतात, वर बघून ओंजळ धरतात. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा, क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण तो आकाराने लहान आणि कडक असतो, आणि नीट बसलेला ड्रायव्हरचा फटका ताशी २०० किलोमीटरच्या आसपास जातो. तो झेलायचा नसतो.

रीलसाठी पुढे उभं राहणं

यावर जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो. फटक्याच्या पुढे, अगदी तिरकसही, कोणी उभं राहायचं नाही. चेंडू क्लबच्या दांड्याच्या मुळाशी लागला की काटकोनात निघतो. व्हिडिओ काढायचाच असेल तर मारणाऱ्याच्या छातीसमोर, चेंडूच्या रेषेच्या थोडं मागे, चार-पाच क्लबांच्या अंतरावर उभे राहा आणि तोंड बंद ठेवा. नाहीतर फोन माझ्याकडे द्या.

मैदान आपल्या काकांचं नसतं

आता पाण्याचं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. ते बघितलेल्या मुलखात हिरवळीचा हट्ट धरणं मला पटत नाही. आपल्या देशात कितीतरी ठिकाणी, विशेषतः लष्करी छावण्यांच्या मैदानांवर, भोकाभोवतालच्या गुळगुळीत हिरवळीऐवजी, म्हणजे 'ग्रीन'ऐवजी, 'ब्राऊन' असतात, म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूचा चोपलेला गोल. त्याच्यावर पटिंग, म्हणजे चेंडू हलक्या फटक्याने भोकात ढकलणं, उत्तम शिकता येतं. मात्र आपलं खेळून झालं की पावलांच्या खुणा मिटवून तो पुन्हा सारखा करायचा असतो. नेमकं हेच पोरं विसरतात. गवताचं मैदान असेल तर उखडलेलं ढेकूळ परत जागेवर ठेवून पायाने दाबा, बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) निघताना वाळू दाताळ्याने सारखी करा. "माळी आहेत ना" हे उत्तर मी ऐकून घेत नाही. माळी आहेत, आणि ते तुमच्या वडिलांच्या वयाचे आहेत. आल्यावर त्यांना नमस्कार, जाताना पिशवी स्वतः उचलायची. बॅग वाहणाऱ्या पोराला 'ए' म्हणणाऱ्याला मी एकदा अख्खा राउंड त्याचीच बॅग वाहायला लावली होती. दुसऱ्या आठवड्यापासून तो नावाने हाक मारू लागला.

समोरचा फटक्यासाठी उभा राहिला की हलू नका, बोलू नका, ग्रीनवर त्याच्या पटच्या रेषेवर पाय देऊ नका. पुढची मंडळी टप्प्याबाहेर गेल्याशिवाय मारू नका, ती कितीही रेंगाळोत. तुम्ही मात्र रेंगाळू नका. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधायला ५ ऐवजी ३ मिनिटंच मिळतात आणि एका फटक्याला ४० सेकंद पुरेत, असं नियमांचं पुस्तकच सांगतं.

चेंडू शोधताना झुडपात किंवा दगडाखाली हात घालू नका. आपल्या माळरानात फुरसं असतं आणि ते मातीच्याच रंगाचं असतं. आधी क्लबने चाळवा. चेंडू गेला तर गेला.

चपलेवर येऊ नका. मोठ्यांचा क्लब कापून लहान पोराला देऊ नका, तो त्याला जड आणि ताठ पडतो. बाटली भरून आणा. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत घरी जा, ४२ अंशांत मर्दुमकी दाखवू नका. क्लब गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका, आतला गोंद सैल होतो आणि एखाद्या दिवशी क्लबचं डोकं चेंडूच्या आधी उडतं.

शेवटचं विजेचं. वळीव असो की परतीचा पाऊस, दरवर्षी मराठवाड्यात वीज पडून शेतकरी आणि गुराखी जातात, त्यातले कितीतरी झाडाखाली आसरा घेतलेले असतात. मोकळ्या माळावर हातात धातूचा दांडा घेऊन उभा असलेला माणूस वेगळा नाही. ली ट्रेविनो हा मोठा खेळाडू १९७५ मध्ये शिकागोजवळच्या स्पर्धेत विजेच्या तडाख्यात सापडला, वाचला, पण पाठीचं दुखणं घेऊन बसला. म्हणून पहिला गडगडाट ऐकू आला की क्लब खाली, आणि पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत. लिंबाखाली नाही, पत्र्याच्या उघड्या शेडखालीही नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप प्रत्येकाच्या फोनमध्ये हवं, रील काढायला फोन असतोच की. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. दहा मिनिटांत ऊन पडतं आणि पोरं मागे लागतात, "सर, दोनच होल राहिलेत." घड्याळ माझ्या हातात असतं आणि किटची किल्ली माझ्या खिशात.