नागपूरच्या उन्हाळ्यात ओव्हरक्लॉक: पॉवर सप्लाय घेण्याआधीची तयारी

आधी कागद-पेन घ्या आणि कॉम्प्युटरला वीज किती लागेल ते मांडा, तेही ओव्हरक्लॉक केल्यानंतरचं, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवल्यावरचं. विजेचा खर्च क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. क्लॉक 10 टक्के आणि व्होल्टेज 5 टक्के वाढवलं, तर खर्च सुमारे 21 टक्के वाढतो. रायझन 7 7700एक्स या प्रोसेसरची मूळ मर्यादा 142 वॉट आहे, म्हणजे 170 ते 175 धरा. आरटीएक्स 4070 टीआय सुपर हे ग्राफिक्स कार्ड 285 वॉटचं आहे, पॉवर लिमिट 10 टक्के वाढवल्यावर 315 धरा. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून 75. बेरीज साधारण 565 वॉट. यावर दर्जेदार 750 वॉटचा सप्लाय चालेल, पण नागपुरात मी 850च सांगेन.

कारण उष्णता. खोक्यावर 750 वॉट छापलेले असतात, पण ते किती तापमानाला? काही कंपन्या 50 अंशांना मोजतात, काही 40 ला. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, बाहेर 45 च्या पुढे पारा जातो, खोलीत कूलर असला तरी कॅबिनेटच्या आतली हवा 40 च्या वर सहज पोचते. त्यामुळे कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधा. तिथे 50 अंश स्पष्ट लिहिलेले नसतील, तर दुसरा सप्लाय बघा. 80 प्लस गोल्डचा शिक्का या बाबतीत कामाचा नाही: ती चाचणी 23 अंशांच्या आसपास होते आणि मुख्यतः कार्यक्षमता मोजते. सप्लायमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) 105 अंशांचे हवेत. दर 10 अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं.

लेबल वाचायला शिका. 12 व्होल्टच्या रकान्यात 850 वॉटच्या सप्लायला 70 अँपिअरच्या आसपास आकडा हवा. तो बराच कमी असेल, तर उरलेले वॉट 3.3 आणि 5 व्होल्टच्या वाट्याला गेलेत, आणि तुमच्या कामाचे नाहीत. सप्लाय एटीएक्स 3.0 किंवा 3.1 या नव्या मानकाचा असेल तर उत्तम. कार्डाचे क्षणिक झटके झेलण्याची त्याला सक्ती आहे. जुन्या सप्लायच्या मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) केबल नव्याला कधीच लावू नका. टोकं सारखी दिसली तरी सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि एका चुकीत ड्राइव्ह जळतो.

घरी अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कूलरची मोटर त्याच बोर्डवर असेल तर वेगळा पॉइंट घ्या. यूपीएस घेणार असाल तर व्हीए नव्हे, वॉट बघा, आणि शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असते, आणि नकली लहरीवर तो ऐन वीज जाताना बंद पडू शकतो.

कॅबिनेट कूलरच्या झोतासमोर ठेवू नका. ओल आणि धूळ मिळून पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसतो. तळाची जाळी मात्र उघडी राहू द्या.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. जोडणी झाली की भर दुपारी, पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा आणि मल्टिमीटरने 12 व्होल्टची लाइन मोजा. 11.4 च्या खाली आकडा गेला तर ओव्हरक्लॉक काढा आणि सप्लाय बदलून घ्या.