चढाला दम टाकणारी बॅटरीवरची मालवाहू गाडी: माझा अनुभव

जांबोटीकडच्या चढावर भाताची पोती भरली की गाडी मध्येच बंद पडायची. मोटर ठणठणीत होती. जोर लावला की चार लेड-ॲसिड बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा दाब 42 च्या खाली यायचा आणि मोटरला वीज देणारा कंट्रोलर पुरवठा तोडायचा. दोन मिनिटं थांबलं की परत चालू! बिघाड मोटरचा नाही, बॅटरीचा आहे हे ओळखायची हीच खूण.

हिशोब असा: गाडी, चालक, माल मिळून 650 किलो. आठ फुटांना एक फूट चढ, ताशी 8 किमी वेग, तर साधारण 60 अँपिअर लागतात. वेग दुप्पट केला की करंटही दुप्पट. म्हणून आधी डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेरीमागे मोटरच्या फेऱ्या) 10 वरून 16 केला, म्हणजे वेग कमी झाला. मग 16 सेलची लिथियम फॉस्फेट बॅटरी, 150 अँपिअरचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं, गरज पडली तर करंट तोडणारं सर्किट) आणि 58.4 व्होल्टचा चार्जर. जुना लेड-ॲसिडचा चार्जर लावू नकाच. केबलचे लग (टोकाच्या धातूच्या टोप्या) मात्र क्रिंप करूनच, म्हणजे अवजाराने दाबूनच घ्या. नुसते आवळलेले तापून काळे पडतात.

घर माथ्यावर असेल तर चार्जिंग नव्वद टक्क्यांवर थांबवा. भरलेली बॅटरी उतारावर रीजनचा (मोटर गाडी रोखताना तयार करते तो) करंट घेत नाही, बीएमएस तोडतो आणि मोटरचा ब्रेक अचानक जातो. पावसाळ्यात ओल्या जांभ्यावर हे फार धोक्याचं. चारही चाकांचे ड्रम ब्रेक आधी नीट करा.