इलेक्ट्रिक गाडी घेण्याआधी: पुण्यातला हिशेब, वायरिंग आणि घाट

पर्यावरणासाठी म्हणून इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं मनात असेल, तर शोरूममध्ये जाण्याआधी घरातले तीन कागद काढा: महावितरणचं वीजबिल, सोसायटीचं पार्किंग वाटपाचं पत्र आणि आताच्या गाडीची गेल्या दोन-तीन वर्षांची सर्व्हिसिंगची बिलं. वीजबिलावर मंजूर भार, म्हणजे जोडणीवर एका वेळी किती किलोवॉट वापरता येतात, तो लिहिलेला असतो. पार्किंगच्या जागेवरून मीटर रूमपर्यंतचं अंतर कळतं. आणि सर्व्हिसिंगच्या बिलांवरच्या किलोमीटरवरून वर्षाचं खरं रनिंग निघतं, जे आपल्या अंदाजापेक्षा बरेचदा कमीच भरतं. गाडीचा फायदा किती, हे बहुतेक याच तीन गोष्टींवर ठरतं. मॉडेल आणि रंग नंतर.

कार्बनचा हिशेब

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेल उपसणं, शुद्ध करणं, टँकरने पंपावर आणणं हे धरलं की त्यात आणखी पाचव्या हिश्श्याची भर पडते, म्हणजे पावणेतीन किलो. शहरात लिटरला १३ किलोमीटर देणारी गाडी अशा रीतीने किलोमीटरमागे २१० ग्रॅमच्या आसपास सोडते.

मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला प्लगमधून मोजलं तर किलोमीटरला ०.१५ युनिट लागतं. यात चार्जिंगमध्ये उष्णता होऊन जाणारे १० ते १५ टक्के आलेच. देशाच्या ग्रिडवरच्या, म्हणजे सामायिक वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण अजूनही बरीचशी वीज कोळशावर होते. आपल्याकडे कोयना आहे, वाढती सौरऊर्जा आहे, पण कोराडी, चंद्रपूर, भुसावळही आहेत. तारांमधली गळती धरून युनिटमागे ०.८५ किलो पकडा. किलोमीटरला १२५ ते १३० ग्रॅम येतात. म्हणजे बचत साधारण ८० ग्रॅमची.

आता बॅटरी. ती बनवतानाच क्षमतेच्या दर किलोवॉट-तासामागे (किलोवॉट-तास म्हणजेच युनिट) साधारण ६० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ४० किलोवॉट-तासांच्या बॅटरीसाठी मधला आकडा धरला तर साधारण ३ टन. हे ३,००० किलो ०.०८ ने भागा: ३७,५०० किलोमीटर. एवढं अंतर होईपर्यंत गाडी आपलंच देणं फेडत असते. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याचं ते तीन वर्षांत फिटतं आणि पुढची सगळी वर्षं निव्वळ फायद्याची. वर्षाला ५,००० फिरणाऱ्याला साडेसात वर्षं लागतात. असं रनिंग असेल आणि आताची गाडी धड असेल, तर तीच वापरत राहा आणि रोजच्या जाण्यायेण्यासाठी मेट्रो, पीएमपीएमएलची बस किंवा इलेक्ट्रिक स्कूटर बघा. स्कूटरला किलोमीटरला ०.०३ ते ०.०४ युनिट पुरतं आणि बॅटरी ३-४ किलोवॉट-तासांचीच असते.

हा हिशेब स्वतःचे आकडे घालून करा, कारण तो पटकन फिरतो. शहरात लिटरला २०-२२ देणारी हायब्रिड (पेट्रोल इंजिनाला छोट्या बॅटरी-मोटरची जोड असलेली) गाडी आणि ग्रिडवर चालणारी इलेक्ट्रिक गाडी आजच्या घडीला कार्बनच्या बाबतीत जवळपास बरोबरीत आहेत. उलट छतावरच्या सौर पॅनेलवर चार्ज केलं तर देणं १५,००० किलोमीटरच्या आतबाहेरच फिटतं. आणि ग्रिड जसजसं स्वच्छ होईल तसतशी आज घेतलेली इलेक्ट्रिक गाडीही स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीचं तसं होत नाही.

कार्बन सोडून दुसरा फायदा आहे आणि पुण्यासाठी तो जास्त मोलाचा वाटतो: धूर जिथे माणसं श्वास घेतात तिथे निघत नाही. नळ स्टॉपच्या सिग्नलला, स्वारगेटला, हिंजवडीच्या रांगेत उभी असताना मोटर काहीच खात नाही. एसी चालू असेल तर तासाला एक-दीड युनिट, बस. मात्र धुळीचं श्रेय इलेक्ट्रिक गाडीला देऊ नका. ती वजनाने दोन-तीनशे किलो जड असते, टायर जरा लवकर झिजतात आणि रस्त्यावरची धूळ तशीच उडते. रीजनमुळे (वेग कमी करताना मोटर वीज बनवून बॅटरीत परत भरते, त्यामुळे) ब्रेक पॅड कमी घासले जातात, तेवढीच भरपाई. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, गाडी थंड असताना तपासा; झीज आणि रेंज दोन्हींवर फरक पडतो.

किती किलोवॉटचा चार्जर?

इथे लोक गरजेपेक्षा मोठं घेतात. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्याला रोज ६ युनिटं लागतात. ३.३ किलोवॉटच्या साध्या चार्जरवर ती दोन तासांत भरतात. रात्री आठ तास मिळाले तर याच चार्जरवर दीडशे किलोमीटरहून जास्त रेंज भरते. ७.२ किलोवॉटचा चार्जर एका फेजमधून ३२ अँपिअर ओढतो, आणि सिंगल फेज जोडणी ४० अँपिअरपर्यंतच मिळते. त्यात सकाळी २ किलोवॉटचा गीझर लागला की आणखी ९ अँपिअर, आणि मेन स्विच पडला. म्हणून ७.२ हवाच असेल तर आधी भार वाढवून थ्री फेज मीटर घ्यावं लागतं. तो खर्च चार्जरच्या जाहिरातीत नसतो.

मीटर कुठून, हाही निर्णय आहे. घरच्या मीटरवरून घेतलं तर युनिटांचे टप्पे चढतात. घरात २०० युनिटं जळत असतील आणि गाडीची १५० वाढली, तर ३०० च्या वरची ५० महागात पडतात. एसी चालणारं घर ५०० च्या वर गेलं तर आणखीच. चार्जिंगसाठी महावितरणकडून वेगळी जोडणी मिळते आणि तिच्या दराला असे टप्पे नाहीत. महिन्याला हजार किलोमीटर होत असतील तर वेगळ्या जोडणीचा अर्ज करणं बहुधा फायद्याचं ठरतं. स्थिर आकार धरून ताज्या दरपत्रकावर तुलना करा.

वायरिंग

३.३ किलोवॉटसाठी: ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी (करंट गळला की पडून शॉकपासून वाचवणारा स्विच) आणि औद्योगिक दर्जाचं १६ अँपिअर सॉकेट. घरातल्या साध्या थ्री-पिन सॉकेटवर इस्त्री दहा मिनिटं चालते, गाडी सलग सात-आठ तास. आतल्या पत्त्या सैल पडतात, सांधा तापतो, आणखी सैल होतो, शेवटी प्लास्टिक वितळतं. जळालेला प्लग ही घरच्या चार्जिंगमधली नेहमीची तक्रार आहे आणि कारण जवळपास नेहमी हेच. एक्स्टेन्शन बोर्ड तर कधीच नको.

७.२ किलोवॉटसाठी: ६ स्क्वेअरची वायर, ४० अँपिअरचा एमसीबी. मीटर रूम ४० मीटरवर असेल तर हिशेब बघा. ६ स्क्वेअरमध्ये जवळजवळ ८ व्होल्ट गळतात, म्हणजे चार्जिंग चालू असेपर्यंत पाव किलोवॉट वायर तापवण्यातच जातो. १० स्क्वेअर घातली तर गळती ५ व्होल्टच्या आत येते. अंतर ३० मीटरच्या वर असेल तर १० स्क्वेअरच घाला.

आरसीसीबी टाइप एसी घेऊ नका, स्वस्त असला तरी. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर टाइप एसी आंधळा होतो आणि खरा शॉक लागेल तेव्हा पडतच नाही. चार्जरमध्ये ६ मिलीअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय आहे का ते माहितीपत्रकात पाहा. असेल तर बाहेर टाइप ए पुरतो. नसेल तर टाइप बी लागतो.

अर्थिंगवर कंजुषी करू नका. चार्जर लावला आणि लाल दिवा लागून थांबला, तर दहापैकी बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. जुन्या इमारतींत तिसरी वायर बोर्डापर्यंत येते, पण खाली कुठे जोडलेलीच नसते. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत हवा. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरवर भार असताना ५ व्होल्टहून जास्त दिसले तर काम थांबवा आणि कारण शोधा. काही इलेक्ट्रिशियन अशा वेळी न्यूट्रलच अर्थला जोडून देतात. चार्जर लगेच सुरू होतो आणि सगळे खूश होतात. पण पुढे कधी न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यावर करंट येतो. हे कोणी सुचवलं तर त्याला परत पाठवा आणि नवीन अर्थिंग पिट करून घ्या.

पहिल्या आठवड्यात तासभर चार्जिंग झाल्यावर प्लग आणि एमसीबीच्या बाहेरच्या भागाला हात लावून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर पुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनकडून स्क्रू आवळून घ्या, आणि मग दरवर्षी.

सोसायटीत

सहकार खात्याने गृहनिर्माण संस्थांना चार्जिंगसाठी ना-हरकत देण्याच्या सूचना दिलेल्या आहेत. तरी नुसता एका ओळीचा अर्ज दिला की कमिटी पुढच्या सभेवर ढकलते. अर्जाला मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत केबल कुठून जाणार याचा नकाशा, भाराचा हिशेब, परवानाधारक कंत्राटदाराचं कोटेशन आणि अग्निशामक कुठे असेल याची नोंद जोडा. हरकतीचे मुद्दे तिथेच संपतात.

कमिटीनेही पुढचं बघायला हवं. वीस गाड्या एकदम ७.२ वर लागल्या तर १४४ किलोवॉट होतात आणि इतका भार बहुतेक सोसायट्यांच्या ट्रान्सफॉर्मरला झेपत नाही. पहिल्या तीन गाड्यांपासूनच चार्जर तिन्ही फेजवर वाटून लावा, नाहीतर एकच फेज दबतो आणि त्या विंगमध्ये दिवे मंदावतात. एकच मोठी केबल ट्रे आणि भार आपोआप वाटणारे चार्जर हे प्रत्येकाने स्वतंत्र वायर ओढण्यापेक्षा स्वस्त पडतं.

छतावर सौर पॅनेलचा विचार करा. पुण्यात १ किलोवॉटमागे वर्षाला साधारण १,४०० युनिटं मिळतात. १२,००० किलोमीटरला १,८०० लागतात, म्हणजे एका गाडीला सव्वा-दीड किलोवॉट पुरतो. जून ते सप्टेंबर उत्पादन बरंच उतरतं, ते इतर महिन्यांत भरून निघतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे आणि त्यात गाड्यांचं चार्जिंगही धरलं आहे.

गाडी दुपारी घरी असेल तर दुपारीच चार्ज करा. तेव्हा ग्रिडवर सूर्याची वीज जास्त असते. दुपारी जमत नसेल तर मध्यरात्रीनंतरचा टायमर लावा. संध्याकाळी ६ ते १० हीच सर्वांत वाईट वेळ, आणि ऑफिसहून आल्या आल्या प्लग लावणारे नेमके तेव्हाच लावतात.

रेंज आणि घाट

जाहिरातीतली रेंज प्रयोगशाळेतल्या ठरलेल्या चाचणीतून येते. तिला ०.६५ ने गुणा आणि त्यातले १५ टक्के राखीव ठेवा. एक्स्प्रेस वेवर १०० च्या वेगाने हवेचा रोध खूप वाढतो. ८० ने गेलात तर रेंजमध्ये स्पष्ट फरक दिसतो.

खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटरची चढण आहे. माणसांसकट १,७०० किलोच्या गाडीला नुसत्या त्या उंचीसाठी ३ युनिटं लागतात, म्हणजे एरवीचे वीस किलोमीटर. उतरताना त्यातली दीड-पावणेदोन परत मिळतात. म्हणून मुंबईहून परतताना खोपोलीत काट्यावर दिसतंय तेवढ्यावर विसंबू नका. पुणे ते महाबळेश्वर चढ आठशे मीटरचा, तिथे चार-साडेचार युनिटं जादा धरा.

एक गोष्ट लोणावळ्यात मुक्काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावी: तिथून १०० टक्के भरून खाली निघालात तर रीजन चालत नाही, कारण बॅटरीत जागाच नसते. सगळा भार ब्रेकवर येतो. ९० टक्क्यांवर निघा.

फास्ट चार्जिंग १० ते ८० टक्के एवढंच करा. त्यापुढे वेग इतका पडतो की मागचा माणूस ताटकळतो. ६० किलोवॉटच्या चार्जरवर दोन गन (गाडीत खुपसायचे प्लग) असतील आणि दोन्ही चालू असतील तर दोघांना तीस-तीसच मिळतात. शनिवारी सकाळी फूड मॉलवर रांग असतेच, त्यामुळे २५-३० किलोमीटरच्या आतलं दुसरं स्टेशन नेहमी हेरून ठेवा आणि अ‍ॅपमध्ये तिथे शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघूनच निघा.

पावसाळा, उन्हाळा, बॅटरी

जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं होतं. नदीकाठी किंवा बेसमेंटमध्ये पार्किंग असेल तर चार्जर आणि सॉकेट आजवरच्या पाण्याच्या खुणेच्या वर लावा, एमसीबी पहिल्या मजल्यावर. बॅटरीला आयपी६७ दर्जा असतो म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास; रात्रभर बुडालेल्या गाडीला तो लागू नाही. अशी गाडी सुरू करू नका, प्लगही लावू नका. टो करून सर्व्हिस सेंटरला न्या.

बॅटरी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) आहे की एनएमसी (निकेल-मँगेनीज-कोबाल्ट) हे विक्रेत्याला विचारून घ्या. एलएफपी असेल तर आठवड्यातून एकदा १०० टक्के भरा, नाहीतर टक्केवारीचा काटा चुकत जातो. एनएमसी असेल तर रोज ८० वर थांबा. एप्रिल-मेमध्ये पूर्ण भरलेली गाडी दिवसभर उन्हात ठेवणं दोन्हींना वाईट. महिनाभर गावी जाणार असाल तर ५० टक्क्यांवर ठेवा. आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. ती उतरली तर मोठी भरलेली असूनही गाडी उघडतसुद्धा नाही.

वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. करारात क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते तो आकडा वाचा. पुढे बॅटरी बदलावी लागलीच तर जुनी भंगारात देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार तिच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्याच केंद्रात जमा करा आणि पावती घ्या.